डाव्या कडेचा काळा दाणा

आमच्या घरचा बेदाणा सांगलीच्या बाजारात जायच्या आधी त्याच्यावर शेवटची नजर माझी. माल मोठ्या परातीत पसरायचा, काळा दाणा, राहिलेली काडी वेचायची, मगच पेटीत भरायचा. ही जागा मला कुणी दिली नाही, मी धरली. शाळा मी दुसरीतच सोडली, पण दाण्याचा रंग वाचायला अक्षरं लागत नाहीत.

गेल्या हंगामात व्यापाऱ्यानं आमच्या पेटीत हात घातला आणि काळे दाणे तळहातावर घेऊन माझ्यापुढं धरले. "आण्णा, ही तुमची नजर?" एवढंच म्हणाला. 

घरी सून म्हणाली, "मामा, आता परातीवर मी बसते. तुमी सावलीला बसा."

"का? मोतीबिंदूचं आपरेशन झाल्यापासनं कराड एस्टीची पाटी फाट्यावरनं ओळखतो मी."

"डोळं चांगलंच हाईत. पर दुपारचं जेवण झालं की तुमाला डावीकडचं दिसत न्हाई."

असलं येडं बोलणं जन्मात ऐकलं नव्हतं. डोळा काय जेवल्यावर अर्धा होतो? मी म्हणालो, "घाल परातीत काळं दाणं, पाहिजे तिथं घाल. एक जरी राहिला तर जागा तुझी."

सकाळी तिनं घातले. मी सगळे उचलले, वर तिलाही न दिसलेली एक काडी काढून दाखवली. दुपारी आमटी-भाकरी झाली, वर तांब्याभर ताक प्यालो आणि परत बसलो. अंग जड होतं, पण झोपलो नव्हतो. डोळे उघडे, हात चालू. झालं म्हणून हात झाडले.

सुनेनं परात नुसती फिरवली. डावी कड उजवीकडं आली, आणि तिथं काळे दाणे भाकरीवरच्या करपल्या डागांसारखे बसलेले.

"डोळा लागला हुता तुमचा," माझी म्हातारी म्हणाली.

"न्हवता लागला! बसलोय की उघड्या डोळ्यानं."

"आवं, त्येच म्हणते. डोळा लागला न्हवता, पर डोळा मालावर बी न्हवता."

बोलणं झोंबलं, पण खरं होतं. अंगात सुस्ती आली की माझी नजर डावीकडनं आखडत येते, आणि कमी दिसतंय हेच दिसत नाही. झोप आलेला माणूस निदान आडवा तरी पडतो. सुस्तावलेल्याला वाटतं, आपण जागेच आहोत. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना मी आता हेच सांगतो: समोरचा रस्ता दिसतोय म्हणून फुशारू नका गड्यांनो, कडेचा ओढा दिसतोय का ते बघा.

बोलल्याप्रमाणं जागा सुनेची झाली. मी मात्र उठलो नाही.

"मामा, शब्द दिला हुता तुमी."

"जागा तुझीच. बसणार मी. भाकरी एका अंगानं भाजून कोण उतरवतं का? आजपासनं परात मीच फिरवणार."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसायला लागली. सून काही हसली नाही. म्हणाली, "बरं. पर रोज दुपारी एक काळा दाणा मी लपवणार. ज्या दिवशी घावला न्हाई, त्या दिवशी उठायचं."

"उठतो."

तेव्हापासून जेवण झालं की डोळ्यांवर गार पाणी मारायचं, बेदाण्याच्या शेडभोवती एक फेरी घालायची, मग बसायचं. अर्ध्यावर परात फिरवायची. चहाच्या वेळी तिचा दाणा मी तिच्याच बशीत टाकतो. व्यापाऱ्यानं परवा पेटीत कोपरापर्यंत हात घातला, मूठ उघडून बघितली आणि पुढच्या पेटीकडं वळला.

काल तर दाणा मी परात फिरवायच्या आधीच उचलला, डाव्या कडेवरनं.

"ह्ये खोटं हाय मामा," सून म्हणाली, "मी ठेवताना तुमी बघत हुता."

बघत होतोच. डावीकडनंच तर आली होती ती.