जिप्सोफिलाचा वाफा

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही कळत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

नाशिकजवळच्या आमच्या मळ्यात झेंडू असतो. बुकेत घालतात ती बारीक, पांढऱ्या फुलांची जिप्सोफिला मी एका वाफ्यात लावली. आईने झेंडूसारखं तिलाही रोज पाणी दिलं आणि मुळं कुजू लागली. मग मी वाफा उंच केला, पाणी कमी केलं. झाडं सावरली, फुलली. पुन्हा फुटावीत म्हणून नंतर ती जमिनीलगत छाटली.

"पार टक्कल केलंस की! उपटून मेथी टाकतो," वडील म्हणाले.

"थोडं थांबा ना, अण्णा," एवढंच बोलून मी हॉस्टेलला परतलो.

काल आईचा फोन आला. "फुटलं रे सगळं! अण्णांनी शेजारचा वाफाबी मोकळा केलाय. येताना अजून रोपं आण म्हटले."