जीवनच्या आयडीचा भाव

फूलबाजारात उज्वलाबाईला सगळे वचकून असत. मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू घेऊन ती बसली, की घासाघीस करणाऱ्याची खैर नसे. तिचं चालत नव्हतं ते फक्त पोटच्या पोरापुढे, जीवनपुढे. पोरगा मळ्यात राबायचा, नाही असं नाही. पण हातात पैसा आला रे आला, की मोबाइलवरच्या बंदुकांच्या गेममध्ये घालायचा. गेम तसा फुकट. पैसे पडायचे ते आतल्या माणसाच्या कपड्यांचे आणि बंदुकीच्या रंगांचे.

"असल्या चिंध्यांना कुत्रं तरी इचारतं का?" ती कावायची.

"लय मागणी हाय त्याला, आई. तुला नाय कळायचं."

दिवाळीच्या तोंडावर झेंडू पोचवून येताना पेठ रोडला ट्रकने त्याला उडवलं, तो जागीच गेला. मोबाइलला ओरखडासुद्धा आला नाही, याचा उज्वलाबाईला कितीतरी दिवस राग होता.

तो मोबाइल त्याच्या बहिणीने, हर्षालीने, चालू ठेवला होता. त्यावर कळवणच्या साई नावाच्या पोराचा मेसेज आला, आयडी विकता का म्हणून. आयडी म्हणजे जीवनचं गेममधलं खातं, सगळ्या कपड्यांसकट. त्यातले काही कपडे आता कुठे मिळतच नाहीत म्हणे. अठरा हजार द्यायला तो तयार होता.

उज्वलाबाई हबकली. ज्याला ती ऊठसूट उधळ्या म्हणाली, त्याने जमवलेलं कोणी दुसऱ्या तालुक्यातून मागत येत होतं. पैशाची तिला तेवढी नड नव्हती. पोराचं म्हणणं खरं होतं, हे एकदा जगाने कबूल करावं, एवढंच तिला हवं होतं.

साई घरी आला तेव्हा तिने भाव बावीसपर्यंत चढवला, आणि त्याने कुरकुर न करता पैसे मोबाइलवरून टाकले. हर्षालीने पासवर्ड सांगितला. साईच्या स्क्रीनवर लाल कोटातला माणूस उभा राहिला. डोक्यावर नाव होतं, जीवन.

"नीट सांभाळ बरं त्याला," उज्वलाबाई म्हणाली. तिने आजवर गाई विकल्या होत्या. नव्या गोठ्यातही त्यांना जुन्याच नावाने हाक मारायचे. इथेही तसंच असणार, असं ती धरून चालली होती.

साईने मान डोलावली आणि दोन-तीन ठिकाणी बोट लावलं. डोक्यावर 'साई' आलं.

"हे काय केलं?"

"नाव बदललं, मावशी. त्याचे वेगळे पैसे पडतात. भरले मी."

"परत लाव. जे पडतील ते मी देते. पाहिजे तर तुझे बावीस घे माघारी, पण नाव राहू दे."

साई गोंधळला. पोरगा वाईट नव्हता. "मेलेल्याचं नाव लावून कोण खेळंल, मावशी?" तो हळूच म्हणाला.

हर्षाली रडायला लागली. ते नाव उज्वलाबाईने स्वतः विकलं होतं, आणि वर भाव चढवून.