सहीचं पान

नसत्या चौकशा करायची मला लहानपणापासून खोड आहे. त्यामुळे अनोळखी नंबरवरून धमकीचा पहिला फोन आला, तेव्हा भीती नंतर वाटली. आधी वाटलं, हा असेल तरी कोण? आवाज तरुण होता आणि दर वाक्यानंतर तो "समजलं का?" विचारायचा. "आमच्या बायांना गर्भपाताचं शिकवायला यायचं नाय, समजलं का? तंगडं मोडून ठेवीन, समजलं का?" हा पूर्वी शिकवण्या घेत असावा, असं मी मैत्रिणीला म्हटलं. ती हसली नाही.

आम्ही दोघी नाशिकहून आसपासच्या गावांत जायचो. मूल कधी हवं, नको असेल तर काय करायचं, कायदा काय म्हणतो, हे चित्रांच्या तक्त्यावरून बायकांना समजावून सांगायचो. एकटीने जायचं नाही, हा आमचा नियम. त्या बुधवारी मैत्रीण तापाने फणफणली होती आणि मी तो मोडला. वणी रस्त्यावरच्या त्या गावात झेंडूची तोडणी उरकून बायका जमणार होत्या. अशा एकत्र त्या पुन्हा कधी सापडणार?

एका आजींच्या पडवीत फुलांच्या जाळ्या बाजूला सारून आम्ही बसलो. पंधरा-वीस जणी होत्या. आजींची सून चहा देऊन झाल्यावर दारात उभी राहिली ती तिथून हललीच नाही. मी तक्त्याचं शेवटचं पान उलटलं. त्यावर दवाखान्यातल्या संमतीच्या कागदावर सही करणारी बाई काढलेली आहे. बोलायला तोंड उघडलं आणि अंगणात मोटारसायकली येऊन थांबल्या. चार-पाच पुरुष होते. एक जण मोबाईलवर शूटिंग करत होता.

"बाहेर ये. फोनवर सांगितलं होतं ना, समजलं का?"

तोच आवाज! खरं सांगते, क्षणभर मला कोडं सुटल्याचा आनंद झाला. मग मी तक्ता मिटून छातीशी धरला. सून झटकन आत गेली आणि आजी त्याच्याकडे पाहून "मेल्या, गावासमोर शोभा करतो आईची," असं पुटपुटल्या, तेव्हा उरलेलंही कळलं.

"बस," आजी मला म्हणाल्या. "अशी मोकळ्या वटीनं नको जाऊ." त्यांनी तांदूळ, नारळ आणि खण आणला.

"आजी, माझं लग्न नाही झालेलं."

"मंग काय झालं? पोर हाय ना कोणाची तरी?"

त्यांनी मला कुंकू लावलं आणि ओढणीत ओटी भरली. घरात मूल खेळावं म्हणून भरायची ओटी, आणि मी कशाबद्दल बोलायला आलेली! एरवी मला हसू आवरलं नसतं. मग त्या अंगणात उतरून ओरडल्या, "माहेरवाशीण निघाली. वाट सोडा."

भरल्या ओटीच्या पोरीला त्या गावात कोणी अडवत नाही, शूटिंग चालू असताना तर नाहीच. मोबाईल खाली गेला. "आई, तुला कळत नाय—" तो म्हणाला. "तुझं बघते मी नंतर," आजी म्हणाल्या. सगळ्या बायका माझ्याबरोबर थांब्यापर्यंत चालत आल्या आणि एसटी येईपर्यंत उभ्या राहिल्या.

नाशिकच्या द्वारका चौकात उतरेपर्यंत ओढणीची गाठ माझ्या मुठीत होती. मी फार घाबरले होते. परत त्या गावात पाऊल टाकायचं नाही, असं मी पक्कं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. तोच नंबर. कोणीही शहाण्याने उचलला नसता. माझी खोड आड आली.

"ताई," बाईचा आवाज, अगदी हळू. मागे बादलीत पाणी पडत होतं. "ते आंघोळीला गेलेत. काल शेवटचं पान राहिलं. त्या कागदावर नवऱ्याची सही लागती का?"

दारातली सून.

"नाही," मी म्हणाले. "फक्त तुझी."

पाण्याचा आवाज थांबला. "हा कॉल मोबाईलमधून पुसून टाक," मी घाईघाईने सांगितलं. आमच्या प्रशिक्षणात बायकांच्या सुरक्षेसाठी शिकवलेलं ते. पण तिने ऐकलं की नाही, कोण जाणे. फोन बंद झाला होता, आणि त्या नंबरवर मला उलट फोन करणं शक्य नव्हतं.

पुढच्या बुधवारी आम्ही दोघी त्याच गावात गेलो. तक्ता मी शेवटच्या पानापासून सुरू केला.