अंदमानचं अरुंद दार

नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या सहलींच्या ऑफिसात एक काका दर शनिवारी व्हीलचेअरवरून येत. त्यांना अंदमान बघायचं होतं. "काका, खुर्चीला देवमासा जुंपून फिरवतो तुम्हाला," मी म्हणायचो. ते शांतपणे टेपने खुर्चीची रुंदी मोजून सांगत, "आधी बाथरूमचं दार विचारा."

फोन करकरून मी अख्खं अंदमान हलवलं. रुंद दार, जेटीला उतार, बोटीला फळी, सगळं जमलं. "सोबत कोणाचं नाव टाकू?"

काका टेप गुंडाळत राहिले. "दार अरुंद म्हणून जात नाही, असं सांगता यायचं हो. सोबतीला कोणी नाही, हे कसं सांगू?" मग हळूच म्हणाले, "लक्षद्वीपचं काय?"

"तिथलं फार अवघड," मी ठोकून दिलं. "वर्षभर तरी ऑफिसात यावं लागेल."

"येईन की," ते लगेच म्हणाले.