मंगल बसली की गाडी दमते

शिकलासवरलेला माणूस स्वतःच्या अंगणात उभा राहून स्वतःची किती शोभा करून घेऊ शकतो, ते ऐकायचंय का? मग चहा घ्या आणि बसा. हसायचं असेल तर खुशाल हसा, मला आता त्याचं काही वाटेनासं झालंय.

आमची गाडी अठरा वर्षांची. मावसभावाकडून घेतलेली. दिसायला बरी, चालायलाही बरी, पण गेल्या दिवाळीपासून सुरू व्हायचं तिच्या जिवावर येऊ लागलं. किल्ली फिरवली की घुर्र… घुर्र… घुर्र… दम्याचा म्हातारा जिना चढतोय असं वाटायचं. मग उपकार केल्यासारखी सुरू व्हायची. बरं, रोजच असं झालं असतं तर इलाज तरी केला असता. चार दिवस एका झटक्यात चालू, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

सोनईतल्या शिंदे मिस्त्रींकडे नेली की मात्र तिच्याइतकी गुणी गाडी जगात नाही.

"सर, गाडीला काय बी झालेलं न्हाई," मिस्त्री म्हणायचे.

मी हट्टानं नवी बॅटरी टाकायला लावली. मग स्टार्टर खोलायला लावला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी घुर्र.

माझी झोप उडाली. शाळेत शिकवताना कानात तोच आवाज, जेवताना तोच. शेवटी मी एक वही केली. गाडी कधी अडली, हवा कशी होती, टाकीत पेट्रोल किती होतं, बरोबर कोण होतं, सगळं लिहायला लागलो. महिनाभरानं वही उघडून बसलो आणि अंगावर काटा आला. गाडी सहा वेळा अडली होती आणि सहाही वेळा शेजारी मंगल होती. मंगल म्हणजे माझी बायको.

आता अशा वेळी माणसानं गप्प बसावं की नाही? मी वही घेऊन थेट स्वयंपाकघरात गेलो.

"मंगल, तू बसलीस की गाडी दमते."

ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "म्हणजे?"

"वजनाचा काहीतरी संबंध असणार. मी तुला दोष देत नाही. वहीत आलंय ते सांगतोय."

तव्यावरची भाकरी करपली तरी ती माझ्याकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रयोग सुरू केला. तिनं रस्त्यावर उभं राहायचं, गाडी चालू झाली की मग बसायचं. तिनं वाद घातला नाही. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण पहिले दोन दिवस गाडी झटक्यात सुरू झाली आणि मी खूश. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी एसटीनं जाते." आणि घोडेगावला मावशीकडे एकटी जाऊन आली. त्यानंतर घरात बोलणं बंद. ताट समोर यायचं, शब्द यायचा नाही.

गल्लीला काय दिसलं? सर गाडीत आणि बाई रस्त्यावर. एवढं पुरलं. सरांनी बायकोला गाडीतून उतरवलं, इथून सुरू झालेली बातमी तिच्या माहेरी, कर्जतला पोचेपर्यंत सरांनी तिला घरातून काढलं, अशी झाली होती.

रविवारी सकाळी कर्जतहून मंगलचे थोरले भाऊ जीप घेऊन दारात हजर. शेतकरी माणूस, बोलणं कमी. चहा पुढे केला, घेतला नाही.

"दाजी, आमच्या बहिनीचं काय चुकलं? तसं असंल तर तिला घिऊन जातो."

मी घाईघाईनं सगळी हकिगत सांगितली आणि पुरावा म्हणून वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली.

"ऊन लिवलंय, पेट्रोल लिवलंय, बहीन लिवलीय. वायरी बघितल्या का?"

मी वहीची पानं उलटू लागलो.

"मंगल, तू आत बस. दाजी, किल्ली मारा."

घुर्र… घुर्र… घुर्र…

"बघितलंत?" मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

मेहुण्यांनी जीपमधून एक जाड केबल आणली. एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं थेट इंजिनला. "मारा आता."

गाडी अर्ध्या क्षणात चालू.

"मंगल उतरली का?"

"नाही."

"मग वजन कुटं गेलं?"

आणि त्यांनी बॉनेटखाली वाकून बोट दाखवलं. बॅटरीची मायनसची वायर जिथं गाडीच्या पत्र्याला बोल्टनं आवळलेली असते, तिथं चकचकीत चंदेरी रंग होता.

"रंगावर वायर आवळलीय. कधी टेकती, कधी सुटती. मंगल बसल्यावर सुटली, ह्यो योगायोग. हे कुनी केलं?"

मला केवढा धीर आला म्हणून सांगू. गुन्हेगार सापडला होता. मी तिथल्या तिथं शिंदे मिस्त्रींना फोन लावला, स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. म्हणालो, "तुमच्या निष्काळजीपणामुळे माझा संसार मोडायची वेळ आली. वायरखाली रंग फासतं का कुणी?"

तेवढ्यात गाडीतून मंगलचा आवाज आला. चार दिवसांनी माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"अहो, तो आपल्या फाटकाचा रंग आहे. दिवाळीआधी उरला होता. पत्रा गंजतोय म्हणून तुम्हीच बोल्ट काढून मारलात. दोन हात."

मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. फोन चालूच होता.

"सर," मिस्त्री शांतपणे म्हणाले, "रंगातनं करंट जात न्हाई, हे बारक्या पोरालाबी ठावं असतं. तुमी शाळेत शिकवता तरी काय?"

बावीस वर्षं मी आठवीच्या वर्गाला विजेचे सुवाहक आणि दुर्वाहक शिकवतोय.

"मराठी," मी म्हणालो.