मारलेलं जहर

सुनंदा गेल्याचं तिचा भाऊ अंगणवाडीच्या दारात येऊन सांगून गेला. "बरं," म्हटलं आणि रांगेतल्या पुढच्या लेकराच्या मांडीत सुई टोचली. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणे... महिना होत आला, पण आत काही हललेलं नाही. लोकांना मी कोरडी वाटत असेन. मलाही वाटते.

आमगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी नर्स होऊन जवळच्याच उपकेंद्रात आले, ती जंतूंवर संशोधन करायला पुण्याला गेली. हैज्याचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू जे जहर सोडतो त्याची मारक ताकद काढायची आणि उरलेलं चिमूटभर लशीत घालायचं, म्हणजे शरीर खडबडून जागं होतं आणि लशीची नीट दखल घेतं. हे तिचं काम. एकदा धानकापणीच्या दिवसांत ती आली, तेव्हा मी मोठ्या हौसेनं तिला लसीकरणाला नेलं. एका आईनं विचारलं, "याच्यात काय राहते?" आमच्या शास्त्रज्ञ बाई सरळ म्हणाल्या, "जंतूचं जहर. मारलेलं." 'मारलेलं' कोणी ऐकलंच नाही. पाच मिनिटांत अंगणवाडी रिकामी!

"काऊन सांगतलं व तू?" मी ओरडले.

"त्यायनं विचारलं. खोटं कायले सांगू?"

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत घरोघरी फिरून सांगत राहिली. "दात पडलेला कुत्रा समजा. चावत नाही, पण भुंकते. घरचे जागे होतेत." बाया हसल्या, लेकरं घेऊन परत आल्या. माझा राग मात्र गेला नाही. "तू आपली लॅबमध्येच राय," मी तोडून टाकलं. त्यानंतरही ती दरवर्षी यायची, माझ्याकडे जेवायची, पण अंगणवाडीची पायरी तिनं पुन्हा चढली नाही. मीही बोलावलं नाही. बोलवायला हवं होतं.

परवा एका नव्या आईनं तेच विचारलं. इतकी वर्षं मी "औषध आहे, बाई" म्हणून मोकळी व्हायचे. या वेळी म्हणाले, "जंतूचं जहर. मारलेलं."

तिनं लेकरू छातीशी धरलं. उठली मात्र नाही. विचार करून म्हणाली, "मारलेलं हाय, त मंग आंग त्याले काऊन भेते?"

"थांब, विचारून सांगतो," म्हणत मी फोन काढला, सुनंदाचा नंबर लावला आणि कानाशी धरून उभी राहिले.