देवरावकाकांचं नाव यादीतून काढलं तेव्हा

आमचं घर बौद्ध. अंगात येणं, बाहेरची बाधा असल्या गोष्टी वडिलांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिल्या नाहीत. त्यात मी डेटाबेस सांभाळणारा – जे टेबलात नाही ते जगात नाही, असं म्हणणारा! हसायचं तर हसा, पण आधी वाचा.

राळेगावजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी कामाला लागलो, ते कापसाचे वाईट दिवस होते. आवारात कापसाच्या गंज्या, घराएवढाले ढीग, लागायच्या. ओला कापूस आतून तापतो, पेटतो. म्हणून रोज सळई खुपसून तापमान घ्यायचं आणि कॉम्प्युटरमध्ये भरायचं. आकडा मर्यादेबाहेर गेला की डेटाबेस यादीतल्या माणसांना नोटिफिकेशन पाठवायचा, त्यांच्या कॉम्प्युटरवर घंटी वाजायची. यादीत दोघंच – मी, आणि गंज्यांवर देखरेख ठेवणारे देवरावकाका. काकांचा घंटीवर काडीचा विश्वास नव्हता. कोपरापर्यंत हात गंजीत घालून बघायचे.

"तुह्या मशीनले हात हाये काय बाबू?"

मग मालकाने माणसं कमी केली. काका नेरला लेकीकडे गेले. "त्यांचं नाव काढून टाक," मला सांगितलं. एका ओळीची कमांड, एंटर... संपलं. फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी काकांच्या रिकाम्या टेबलावरच्या कॉम्प्युटरची घंटी वाजली. त्यांच्या स्क्रीनवर – गंजी सात. माझा कॉम्प्युटर गप्प! यादी उघडली, काकांचं नाव नाही. सात नंबरची तर त्या दिवशीची नोंदच झाली नव्हती. काहीतरी घोळ असेल म्हणून बसलो... पण चैन पडेना. शेवटी गंजीशी गेलो आणि काकांसारखा हात आत घातला.

चटकाच बसला. वर सहा बाया कापूस ओढत होत्या. "उतरा! उतरा!" मी बोंबललो. शेवटची खाली आली आणि वरून धूर निघाला.

संध्याकाळी काकांना फोन लावला. मी बोलायच्या आत तेच म्हणाले, "कोणती गंजी तापली रे? दुपारपासून हात जळून राह्यला माहा."

"सात नंबर, काका."

"अन् बाया?"

"उतरल्या सगळ्या."

"मंग झालं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी कोणाला न विचारता त्यांचं नाव परत यादीत टाकलं. तशी घंटी पुन्हा वाजली नाही. ती का वाजली, हे मला आजही सांगता येत नाही.

मागच्या साली काका गेले. नाव काढायची कमांड मी दोनदा टाइप केली आणि दोनदा पुसली. गंजीवर बाया चढल्या की अजून माझी नजर त्या रिकाम्या टेबलाकडे जाते.